काकूंच्या रोझमेरीची शॉर्टब्रेड

शेजारच्या काकूंनी घर बदललं तेव्हा गॅलरीतली झाडं सगळ्यांना वाटून टाकली. माझ्या वाट्याला रोझमेरी आली, सुईसारख्या पानांचं एक सुगंधी झुडूप. कुंडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती: ‘पाणी कमी, ऊन भरपूर.’ कुंडी हातात देताना काकूंनी एक शेंडा दोन बोटांत चुरडला आणि माझ्या नाकाशी धरला. म्हणाल्या, “हा वास ओळखीचा झाला की झाड आपलं झालं.”

त्याला दोन वर्षं झाली. यंदा काकू सत्तर वर्षांच्या होणार होत्या आणि त्यांनी आधीच बजावलं होतं की वस्तू पाठवू नकोस, नवं घर लहान आहे. म्हणजे खाण्याचंच काहीतरी पाठवायचं आणि त्यात त्यांचं झाड हवं, एवढं माझ्या मनात पक्कं झालं. केक प्रवासात टिकणार नाही. क्रीमचा तर प्रश्नच नाही. शेवटी शॉर्टब्रेड ठरली.

शॉर्टब्रेड म्हणजे मूळचं स्कॉटलंडचं, बटरचं बिस्किट. तिच्यात अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, दूध नाही. साखर, बटर आणि मैदा, वजनाने १:२:३. ओलावा जवळजवळ नसतोच, म्हणून हवाबंद डब्यात ती दोन आठवडे सहज चांगली राहते. नावातला ‘शॉर्ट’ हा शब्द तिच्या भुसभुशीतपणासाठी आहे. आपल्याकडे पिठात मोहन घालतात त्यामागेही हेच कारण असतं. स्निग्धाचा थर पिठाच्या कणांना वेढतो, त्यामुळे पाणी आणि प्रथिनं एकत्र येऊन ग्लुटेनचे लांब, चिवट धागे तयार होत नाहीत. मोहन जास्त झालं की पदार्थ विरघळतो म्हणून आपण जपतो. इथे तर मैद्याच्या दोन तृतीयांश बटर असतं आणि तरीही बिस्किटाला उभं राहायचं असतं. सगळी कसोटी त्यात आहे.

पहिला घाणा मी अगदी सरळ केला. १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ३०० ग्रॅम मैदा आणि त्यात बारीक चिरलेली आठ ग्रॅम रोझमेरी. भाजताना घरभर असा वास सुटला की मी ओव्हनसमोरून हललो नाही. पण गार झाल्यावर एक तुकडा तोंडात टाकला आणि दोन गोष्टी एकदम कळल्या. पानं भाजून कडक झाली होती, दातांखाली काड्या येत होत्या. आणि चव बामसारखी होती, छातीला चोळायच्या बामसारखी.

याचं कारण शोधताना मला खूप काही समजलं. रोझमेरीच्या तेलात सिनिओल असतं, जे निलगिरीच्या तेलातही असतं, आणि कापूरही असतो. थोड्या प्रमाणात हे दोन्ही गारवा आणि ताजेपणा देतात. प्रमाण वाढलं की जीभ त्याला औषध समजते. या झाडाला १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘रोझमेरिनस’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) दिली होती. पुढे जनुकांच्या अभ्यासातून ते सेज या सुगंधी पानांच्या झाडाचं, म्हणजे साल्विया प्रजातीचं, जवळचं नातलग ठरलं आणि २०१७ मध्ये त्याला साल्वियातच घेतलं गेलं. सेजचं पान कधी चुरडून पाहिलं असेल तर यात नवल वाटणार नाही. दोघांच्या वासामागे तोच कापराचा गारवा आहे.

तर पानं तोंडात यायला नकोत, फक्त त्यांचं तेल यायला हवं. हे तेल पाण्यात जवळजवळ उतरत नाही, स्निग्धात मात्र छान उतरतं. मग मला वाटलं, उपाय समोरच आहे. बटर मंद आचेवर वितळवलं, त्यात पानं टाकली, अर्धा तास झाकून ठेवलं, गाळलं आणि त्यातच पीठ भिजवलं. दुसरा घाणा वासाला सुरेख होता. पण भाजताना तो टिनमध्ये तेलकट पसरला, कडा तळल्यासारख्या झाल्या आणि मधला भाग चिकट, दाट राहिला.

बटर म्हणजे साधारण ८० टक्के स्निग्ध, बाकी बहुतेक पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ. घट्ट असताना हे सगळं एकजीव असतं आणि स्निग्धाचे बारीक स्फटिक त्याला आकार देतात. एकदा पूर्ण वितळलं की ती बांधणी मोडते, पाणी मोकळं होतं आणि ते थेट पिठाला मिळतं. मी तेच बटर फ्रीजमध्ये पुन्हा घट्ट करून तिसरा घाणाही केला. दुसऱ्यापेक्षा बरा झाला, पण रवाळ बटर साखरेबरोबर नीट मिळून येत नव्हतं. शॉर्टब्रेडला बटर गार पण दाबलं तर बोट उमटेल इतपत मऊ हवं. न वितळलेलं, यावर तडजोड नाही.

या टप्प्यावर मी चार दिवस काहीच केलं नाही. नुसता शेंडे चुरडून वास घेत होतो. मग लक्षात आलं की काकूंनी त्या दिवशी हेच केलं होतं. त्यांनी पान उकळलं नव्हतं की चिरलं नव्हतं, बोटांत चोळलं होतं. रोझमेरीचं तेल पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये असतं. त्या फुटल्या की वास मोकळा होतो. आणि चोळायला साखरेच्या कणांइतकं चांगलं साधन स्वयंपाकघरात दुसरं नाही.

चार ग्रॅम पानं मोजून घेतली. इतक्या लहान वजनाला साधा काटा चालत नाही, ग्रॅमचे दशांश दाखवणारा लागतो. पानं धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी केली आणि शंभर ग्रॅम साखरेत घालून बोटांनी पाच मिनिटं रगडली. साखर फिकट हिरवी आणि ओलसर वाळूसारखी झाली. ती झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवली. सकाळी झाकण उघडलं तर वास बदललेला होता. कापराचा तीक्ष्णपणा मागे गेला होता आणि पाइनसारखा, थोडा फुलांचा वास पुढे आला होता. साखर ताटात पसरून तासभर सुकू दिली, मग मिक्सरमध्ये दोनदा फिरवून बारीक चाळणीने चाळली. चाळणीत उरलेला पानांचा चोथा टाकून दिला. त्यासोबत थोडी साखर जाते, म्हणून पुन्हा वजन करून साध्या पिठीसाखरेने शंभर ग्रॅम पूर्ण केले.

चौथ्या घाण्यात आणखी एक बदल केला. मैदा २५० ग्रॅम घेतला आणि ५० ग्रॅम तांदळाचं पीठ घातलं. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं आणि त्याने चावताना एक बारीक कुरकुरीतपणा येतो. स्कॉटलंडमध्येही ही जुनी पद्धत आहे, कुणी तांदळाचं पीठ घालतात, कुणी रवा. मीठ पाव चमचा. पुष्कळ जण रोझमेरीबरोबर लिंबाची साल घालतात आणि ती जोडी चांगली आहे यात शंका नाही. मी एका लहानशा तुकड्यात घालून पाहिली. लिंबू आधी लागतं, रोझमेरी मागून येते. मला उलटं हवं होतं, म्हणून लिंबू वगळलं.

बटर आणि साखर फक्त एकजीव होईपर्यंत घोटायची, केकसारखी फुलवायची नाही. हवा भरली की ती भाजताना फुगून बसते आणि कडांचा आकार जातो. पीठ घातल्यावर तर मळायचंच नाही. भुरभुरीत चुरा मुठीत दाबला आणि मुटका वळला की बस, हात काढायचा. तो चुरा २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये बटर पेपरवर पसरून वाटीच्या तळाने दाबला. जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास येते. काट्याने तळापर्यंत भोकं पाडली, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि पृष्ठभाग फुगत नाही. मग अर्धा तास फ्रीजमध्ये.

भाजणं १५० अंशांवर, साधारण पन्नास मिनिटं. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मी विसंबत नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवतो, कारण माझा ओव्हन पंधरा अंश जास्त तापतो आणि एवढ्या फरकाने शॉर्टब्रेड लाल होते. ती लाल व्हायला नको. मध्यभाग फिकट, कडा गव्हाळ, इतकंच. जास्त रंग आला की बटरची भाजकी चव सगळ्यावर बसते आणि रोझमेरी हरवते. शिवाय हे तेल उडून जाणारं आहे, मंद आचेवर ते जास्त टिकतं.

बाहेर काढल्या काढल्या, टिनमध्येच, धारदार सुरीने लांबट चोवीस तुकडे कापले. गरम असतानाच कापायचं. गार झाल्यावर सुरी लावली तर भुगा होतो. कापून तसंच टिनमध्ये पूर्ण गार होऊ दिलं, दोन तास तरी.

त्या दिवशी चव घेतली तेव्हा मी थोडा निराश झालो होतो. बटर आणि साखर छान, रोझमेरी कुठेतरी लांब. पण एक तुकडा डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला आणि तिथे ती होती. पहिल्या घासाला नाही, गिळल्यानंतर नाकाच्या मागून हळूच वर येणारी. बटर तोंडाच्या उष्णतेने वितळतं तेव्हा त्यात धरून ठेवलेला वास सुटतो, आणि एक दिवस मुरल्यावर तो सगळीकडे सारखा पोचलेला असतो. तेव्हापासून मी ठरवलंय, शॉर्टब्रेडवर त्याच दिवशी मत द्यायचं नाही.

पाठवण्यासाठी पाचवा घाणा तस्साच केला. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घेतला, तळाला चुरगळलेला बटर पेपर, त्यावर तुकडे उभे, एकमेकांना टेकून, थरांमध्ये पुन्हा कागद. आडवे रचले तर वरच्यांचं वजन खालच्यांवर येतं. झाकण लावून डबा कानाशी धरून हलवला. आवाज आला की आत जागा आहे, आणखी कागद घालायचा. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत मी कागद घालत राहिलो. सजावटीला रोझमेरीचा ताजा शेंडा आत ठेवायचा मोह झाला होता, पण त्याच्या ओलाव्याने बिस्किटं मऊ पडली असती. तो मी कागदात गुंडाळून डब्याच्या बाहेर बांधला आणि सोबत चिठ्ठी लिहिली: ‘तुमच्याच झाडाची.’

भेट तिसऱ्या दिवशी पोचली. संध्याकाळी काकूंचा फोन आला. एकच तुकडा मोडला होता, तोही कोपऱ्यातला. “आधी वाटलं नुसतंच बटरचं बिस्किट आहे,” त्या म्हणाल्या, “मग चहाचा घोट घ्यायला गेले आणि नाकात माझी जुनी गॅलरी आली.” नंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मग त्यांचा आवाज एकदम बदलला. “अरे, पण कुठून कापलीस? खालच्या लाकडी फांदीला हात नाही ना लावलास?”

रोझमेरीचं जुनं, पानं नसलेलं लाकूड कापलं तर त्याला बहुतेक वेळा नवी पालवी येत नाही. मी सांगितलं, फक्त हिरवे कोवळे शेंडे घेतले, दर घाण्याला वेगवेगळ्या फांद्यांचे.

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या. “मग पुढच्या वेळी अर्धा ग्रॅम वाढव.”