ट्रॉम्सो ते लाँगयीअरब्येन: मधला समुद्राचा दिवस

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत या दिवसापुढे ‘समुद्रावर आराम’ छापलेलं असतं. विश्वास ठेवू नका. ट्रॉम्सोहून निघून नॉर्वेचा किनारा सुटला की स्वालबार्डपर्यंत, म्हणजे लाँगयीअरब्येन ज्यात आहे त्या बेटांपर्यंत, आडोसा नाही. वाटेत ७४ अंश उत्तर अक्षांशावर एकटं ब्योर्नोया बेट, तेही बऱ्याचदा धुक्यात, कारण अटलांटिकचं कोमट पाणी आणि आर्क्टिकचं गार पाणी याच भागात भेटतं.

खरी फसवणूक केबिनची. ‘समोरचा देखावा’ म्हणून पुढच्या टोकाची, वरच्या डेकवरची केबिन चढ्या भावाने विकतात आणि जहाज सर्वांत जास्त उसळतं ते तिथेच. पाण्याखालचे स्टॅबिलायझरचे पंख डावं-उजवं डोलणं कमी करतात; लाट समोरून आली की जहाजाचं नाक वर जाऊन खाली आपटतं, त्यावर त्यांचा इलाज नाही. त्यात धुकं असेल तर दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, तासन्‌तास. तोही पुढच्या केबिनवाल्यांनाच जास्त ऐकावा लागतो. बुकिंगच्या वेळीच जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकची केबिन मागा. खिडकी छोटी असली तरी चालेल. पुढची केबिन गळ्यात पडलीच असेल, तर दिवस मधल्या जिन्याजवळच्या लाउंजमध्ये काढा, क्षितिज दिसेल अशा खुर्चीत.

मेक्लिझिन ही बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी तुम्हाला चालते का, हे डॉक्टरांना घरीच विचारून ठेवा. ती लाटांच्या तासभर आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. झोप येते, दारू नकोच. कोरडं बिस्किट खात राहा, रिकाम्या पोटी मळमळ वाढते.

डेकवर जायचं तर थर्मामीटरवर जाऊ नका. जहाजाचा वेग १८ नॉट (ताशी सागरी मैल) आणि समोरून वारा १५ नॉट, म्हणजे अंगावर ताशी ६० किलोमीटर. हवा ५ अंश असली तरी उणे २ वाटते. बाहेरचं दार वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूचंच वापरा आणि बोटं चौकटीत ठेवू नका. दार जड असतं, वारा ते आपटतो.

फुल्मार पक्षी मागे येतात. व्हेलची हमी देणाऱ्याला हसून सोडा.

फोन किनारा सुटण्याआधीच फ्लाइट मोडवर टाका, वायफाय लागलं तर वेगळं चालू करा. भर समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि बहुतेक रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. खिशातला फोन मागच्या मागे डेटा खातो, बिल महिन्याअखेर कळतं. ही सरळ लूट आहे.

उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. पडद्यांची फट बंद करायला कपड्यांचे दोन चिमटे घेऊन जा.