सागवानाची पाचर आणि सरकणारा सी (‘द पॉयझन’ लॉग, अपडेट ७)

सापडला! दोन महिने डोकं खाणारा चोर सापडला मंडळी, आणि तो माझाच उजवा हात निघाला.

बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइन या मेटल बँडचा ‘द पॉयझन’ हा अल्बम मी घरी वाजवून रेकॉर्ड करतोय, त्यातलं मागच्या वेळचं रडगाणं आठवत असेल. ‘हर व्हॉइस रिसाइड्स’ गाण्याची ऱ्हिदम गिटार डावी-उजवी डबल ट्रॅक केली (तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे) की दोन्ही टेक सुटे सुटे बरे वाटायचे, पण खाली बेस गिटार टाकली रे टाकली की सगळं आंबट. बेसूर असं नाही म्हणता येणार, नासायच्या बेतात असलेल्या दुधासारखं. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तारा बदल, तर ४६ च्या जागी ५४ ची, म्हणजे जाड, सहावी तार लावली, ड्रॉप सीला (सहावी तार सी स्वरापर्यंत उतरवलेली) ती ४६ तशीही दोरीसारखी लोंबतच होती म्हणा. फ्लॉइड रोझवर (तारांचा ओढा एकीकडे, स्प्रिंगांचा दुसरीकडे, असा तरंगता ब्रिज) गेज, म्हणजे तारेची जाडी, बदलायचा म्हणजे स्प्रिंगा, त्या अडकवायचा क्लॉ, बॅलन्स सगळा संसार परत मांडायचा, त्यात एक अख्खा रविवार गेला. वर पहिला सेट ज्या ऑनलाइन सेलरकडून मागवला (नाव नको) तो बहुतेक डुप्लिकेट, आठ दिवसांत गंज, जुलैच्या डोंबिवलीत गंज चढतो हे मान्य पण आठ दिवसांत? दुसरा सेट दुकानात जाऊन हातात घेऊन आणला, शंभर रुपये जास्त गेले, जाऊ देत.

मग इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. तार ब्रिजवर जिथे टेकते ते सॅडल मागे घेत घेत पार टोकाला नेलं, बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक आणि दाबलेला स्वर तंतोतंत एक, तरी आंबट ते आंबटच. बेस परत वाजवला. बिचाऱ्या बेसची काही चूक नव्हती.

परवा रात्री कंटाळून नुसतंच चगळत बसलो होतो आणि रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर ट्यूनर उघडा राहिला होता. सहावी तार मोकळी सोडली की काटा बरोब्बर मध्ये. पाम म्यूट केला (तळवा ब्रिजजवळ टेकवून तार दबकी वाजवली) की १४ सेंट वर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). परत मोकळी, मध्ये. परत म्यूट, वर. फास्ट भागात जोर लावला तर २० पर्यंत! म्हणजे म्यूट करताना मी तळव्याने ब्रिजची मागची बाजू दाबत होतो, फ्लोटिंग ब्रिज तेवढा मागे झुकतो, सगळ्याच तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. दर टेकला माझा दाब वेगळा म्हणून डावी १० सेंट वर, उजवी १७, आणि बेस एकटा बिचारा खरं बोलतोय. ट्यूनर मी कायम मोकळ्या तारेवर बघायचो, म्यूट करून बघायचं डोक्यातच आलं नाही. हसा.

आता हात हलका ठेवायला शिकणं हा सज्जन मार्ग झाला, तो पण करतोय, पण तोपर्यंत ब्रिजलाच मागे झुकू द्यायचं नाही असं ठरवलं. शेजारी किचन ट्रॉलीचं काम चाललंय, तिथल्या मिस्त्रीकाकांकडे सागवानाचा तुकडा मागितला. कशाला म्हणे? म्हटलं गिटारमध्ये पाचर मारायचीय. ते म्हणाले, “मग वाजंल का ती?” पण एवढं बोलून कानशीने घासून असा बसवून दिला की हवा जाणार नाही. मागची प्लेट काढून ब्रिजखालचा ब्लॉक आणि स्प्रिंगांकडची भिंत यांच्यामध्ये तो तुकडा, वर चौथी स्प्रिंग, क्लॉचे स्क्रू दोन आटे आवळले. ब्रिज हलवायची दांडी (बार) खाली दाबता येते, वर ओढता येत नाही, आणि या अल्बमसाठी मला वर ओढायचंही नाहीये. म्यूट केलं, काटा दोन सेंट हलला फक्त.

रात्री एक वाजता गाण्याचे पहिले १६ बार (आवर्तनं), चौथा टेक, आणि बेस आत घेतला तेव्हा अंगावर काटा आला राव. सकाळी स्पीकरवर लावलं तर बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, “आज सुरात आहे.” भजनी मंडळात पेटी वाजवतात ते, म्हणजे दोन महिने त्यांना कळत होतं आणि एक अक्षर बोलले नाहीत!

आणि आता जरा अवांतर. ऑक्टोबर २००५ ला हा अल्बम आला तेव्हा आमच्या ग्रुपमधले कट्टर लोक म्हणायचे की हे आयलायनर लावलेलं पॉप आहे, सगळं गुळगुळीत, कॉम्प्युटरची करामत. वेल्समधल्या ब्रिजेंडची चार पोरं, पहिला अल्बम, ब्रिटनमध्ये २१ वा नंबर, अमेरिकेत जेमतेम १२८, आणि तरी तिथे २००९ मध्ये गोल्ड. पहिल्या आठवड्याच्या गर्दीवर हे होत नाही, चार वर्षं पोरं एकमेकांना ऐकवत राहिली तेव्हा होतं. ‘टिअर्स डोन्ट फॉल’ला २००६ मध्ये केरँग या ब्रिटिश रॉक मासिकाचं बेस्ट सिंगल मिळालं तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. शब्द शाळकरी डायरीतले आहेत हे मला पण मान्य. पण गुळगुळीतपणाचं खापर कॉलिन रिचर्डसनच्या प्रोडक्शनवर फोडणाऱ्यांनी त्याच माणसाने प्रोड्यूस केलेले मेटल अल्बम, कार्कास बँडचा ‘हार्टवर्क’ आणि मशीन हेड बँडचा ‘बर्न माय आइज’, ऐकावेत. हा गुळगुळीतपणा नाही हो, ही दोन गिटार एकाच सुरात, एकाच क्षणी बंद होण्याची शिस्त आहे, आणि ती माझ्याकडे नाही म्हणून सागवान लागलं. २०२५ ला ट्रिव्हियम बँडबरोबरच्या टूरवर त्यांनी अख्खा अल्बम लाइव्ह वाजवला, तिथे कुठलं कॉम्प्युटर वाचवणार होतं?

पुढचं. क्वाड ट्रॅकिंगचा बेत रद्द. चार थर लावून मी फक्त बेसूरपणा झाकत होतो, आता दोनच पुरतात आणि जास्त जड वाटतात. नॅमचं (न्यूरल अँप मॉडेलर, अँपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) फुकटातलं अँप मॉडेल तेच ठेवलंय, गेन उलट कमी केला. विकतचे प्लगिन घ्यायचे थांबा असं मी परत एकदा सांगतो, कोणी ऐकणार नाही.

अल्बमच्या इंट्रोला अपोकॅलिप्टिका या चेलो बँडचे चेलो आहेत, त्यासाठी सॅम्पल लायब्ररी बघत होतो. पण आत्ता लिहिता लिहिता सुचलं, ड्रॉप सी म्हणजे आपली पांढरी एक! बाबांच्या पेटीचा खर्ज घ्यायचा, एक सप्तक खाली ओढायचा, वर वरच्या मजल्यावरची मुलगी व्हायोलिन शिकते तिला विचारायचं. थांबा, पेटी ट्यूनरला लावून येतो.

आलो. पेटी नऊ सेंट वर आहे. बाबा म्हणतात गिटार उतरलेली आहे.