कोल्हापूर, हुबळी, गोवा एवढं जवळ असताना बेळगावला विमानतळ कशाला?

पुण्या-मुंबईचा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

पहिलं म्हणजे सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावचा, विमानतळ कुणी आमचे लाड पुरवायला बांधलेला नाही. 1942 साली महायुद्धात रॉयल एअर फोर्सने तो उभा केला, हवाई दलाचं ट्रेनिंग तिथे आजही चालतं. पुढे रनवे 2300 मीटरचा झाला, सप्टेंबर 2017 मध्ये नवीन टर्मिनल उघडलं. आणि आठ महिन्यांत, मे 2018 मध्ये, जवळजवळ सगळी विमानं उचलून हुबळीला नेली.

कारण काय, तर उडान योजना, म्हणजे छोट्या शहरांना विमानं नेणाऱ्या कंपन्यांना सरकारी सवलत. आठवड्याला सातपेक्षा जास्त विमानं असलेल्या विमानतळाला सुरुवातीला त्यात जागाच नव्हती. बेळगावात विमानं नियमित होती म्हणून आम्ही बाहेर, हुबळी आत, मग कंपन्या सवलत मिळते तिकडे गेल्या. विमानं गेल्यावर मात्र आम्ही पात्र ठरलो आणि जानेवारी 2019 मध्ये तिसऱ्या फेरीत नंबर लागला!

त्या मे महिन्यातच आईला मुंबईला न्यायचं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून तर विमानाची तिकिटं काढलेली. मेसेज आला की विमान आता हुबळीहून, नको असेल तर पैसे परत. मुंबई उत्तरेला आणि आम्ही आधी शंभरेक किलोमीटर दक्षिणेला निघालो, आई मागच्या सीटवर पाय लांब करून, कमरेखाली दोन उशा. हलग्याजवळ सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, दिसलं, अख्खं सरकार अधिवेशनाला इथे येतं ते मनात आलं आणि डोकंच फिरलं. धारवाडच्या पुढचा बायपास तेव्हा दोनपदरी, समोरून ट्रक आला की ड्रायव्हर कचकन ब्रेक मारायचा आणि आई खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरायची, तोंडातून शब्द नाही. कित्तूर मागे पडल्यापासून तिने एकदाच विचारलं, "सांबरा घरापासनं किती लांब होतं रे?" मी उत्तर दिलं नाही. अर्ध्या तासाच्या आतलं अंतर, तिलाही माहीत होतं की.

आता तुम्ही म्हणाल एका घरच्या अडचणीसाठी विमानतळ चालवायचा का. नाही, ते मलाही कळतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये एवढे विमानतळ सगळेच भरणार नाहीत, हेही खरं. पण चोर्ला घाटात पावसाळ्यात दरड पडली की गोवा किती जवळ राहतो ते आम्हाला विचारा. आणि कोल्हापूर आहे ना म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरकरांना विचारावं, त्यांनीही आपल्या विमानासाठी कितीतरी वर्षं वाट बघितलीय. मार्च 2024 मध्ये एकाच दिवशी त्यांच्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि आमच्या आणखी एका टर्मिनलची पायाभरणी. मला त्यांचा हेवा नाही वाटत, दोन्हीकडे विमानं हवीत.

पूर्वी मी सगळ्यांना ठासून सांगायचो की सीटा भरल्या की विमान टिकतं, बेळगावकरांनी फक्त तिकिटं काढावीत. 2018 नंतर ते म्हणवत नाही. मग वाटायला लागलं की सवलतच नको, सगळा घोळ तिनेच केला. पण 2019 नंतर इतक्या शहरांना थेट विमानं मिळाली ती त्याच सवलतीमुळे, आणि तीन वर्षांची मुदत संपली तशी त्यातली काही बंदही झाली. सवलतीशिवाय छोट्या शहरात कोण येणार आणि सवलतीवर आलेला किती दिवस थांबणार, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे. पण बेळगावला विमानतळ कशाला, हा प्रश्न मला पटत नाही. रोजचं मुंबईचं विमान, ठरलेल्या वेळेला, पुढच्या वर्षीही असेल याची खात्री, एवढंच मागतोय.