रजिस्ट्रेशन रिन्यू झालं, पण ते तास काढताना जीव गेला

माझं नर्सिंग रजिस्ट्रेशन यंदा रिन्यू झालं, वॉर्डातल्या दोघी-तिघी कसं केलंस विचारत होत्या म्हणून लिहितेय. फॉर्म, फी, अपलोड यात विशेष काही नाही. फक्त आधारवर सासरचं नाव आणि रजिस्ट्रेशनवर माहेरचं असेल तर ते आधी निस्तरा. खरं घोडं अडतं ते सीएनईच्या, म्हणजे नोकरी करता करता घ्यायच्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या, तासांवर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम ५ वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३०. ऐकायला कितीसे वाटतात, पण शिफ्ट करणाऱ्या बाईने ते काढायचे कधी?

आमच्याकडे दुपारी ड्युटी बदलताना क्लास व्हायचा, मॉर्निंगवाल्या दमलेल्या, इव्हिनिंगवाल्यांचं लक्ष हँडओव्हरकडे, त्यात तो क्लास क्रेडिटमध्ये धरतात की नाही तेही कोणाला माहीत नाही. म्हणून सांगते, पैसे भरायच्या आधी विचारा की सर्टिफिकेटवर कौन्सिलचे क्रेडिट तास येणार का. बॅग, जेवण, फोटो सगळं मिळतं आणि नेमकं तेच नसतं.

मला सगळ्यात कामाचं वाटलं ते बीएलएसचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवायचं, वर्कशॉप. रविवारी, परळला, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक आलाच, नाईट संपवून तशीच डोंबिवलीहून उभ्याने गेले. छाती किमान ५ सेंटीमीटर दाबायची पण ६ च्या वर नाही, मिनिटाला १०० ते १२०, दर २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, हे सगळं पाठ होतंच हो. पण सर मागे उभं राहून सारखे म्हणत होते, "सिस्टर, टेकून राहू नका, छाती पूर्ण वर येऊ द्या." पुतळ्यावर दोन मिनिटांत हात भरून आले. आमच्या वॉर्डात कॉट उंच, मी जेमतेम पाच फूट, गादी खाली दबते ती वेगळीच, तेव्हापासून ड्युटीवर आले की पेशंटच्या पाठीखाली घालायची फळी आणि स्टूल कुठे आहे ते आधी बघते.

आता राग कशाचा, तर हे सगळं स्वतःच्या ऑफमध्ये आणि स्वतःच्या पैशाने. मेट्रन मॅडम म्हणाल्या, जा ना, पण तुझा ऑफ लाव. त्यांना तरी काय बोलणार, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स आणि वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी जादा नर्सेस, हे कागदावर, इथे नाईटला पंचवीस पेशंट आणि आम्ही दोघी. एक गेली की दुसरीला डबल ड्युटी, मग कोण कोणाला सोडणार?

शेवटी आम्ही सगळ्या जणींनी सह्या करून लेखी अर्ज दिला. एकटीने तोंडी मागितलं की रोस्टरमध्ये वचपा निघतो, सह्या असल्या की निदान फाईल तरी होते. आता महिन्याला एकीला वर्कशॉपसाठी ड्युटी लीव्ह, म्हणजे ड्युटीतच धरलेली रजा, मिळते, पाळीपाळीने. वर्कशॉपच्या फीचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे.