आरए फॅक्टर निगेटिव्ह, तरीही आमवात

सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळायचीच नाहीत. कणीक मळायचं सोडाच, गॅसचं बटण फिरवायलाही दुसरा हात लावावा लागायचा. पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) करायला सांगितला, तो निगेटिव्ह आला. घरचे म्हणाले, सुटलो. सूज मात्र हटेना, तेव्हा डॉक्टरांनीच गंगापूर रोडच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे, चिठ्ठी दिली.

त्यांनी बोटाचं एकेक पेर दाबून पाहिलं आणि अँटी-सीसीपी (आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी) व एएनए (शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय का, ते पाहणारी) लिहून दिल्या. एएनएपुढे 'आयएफ पद्धतीनेच' असं अधोरेखित केलं होतं. लॅबमधली मुलगी म्हणाली, "ताई, उपाशी यायची गरज नाही. पण सॅम्पल मुंबईला जातं, रिपोर्टला थोडे दिवस लागतील." आयएफ पद्धतीत काचपट्टीवरच्या एचईपी-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आपलं सीरम पातळ करून घालतात. अँटीबॉडी असल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी हिरव्या चमकतात. कितपत पातळ केल्यावरही चमक टिकते, तोच रिपोर्टमधला आकडा.

माझा आकडा १:८०, स्पेकल्ड (म्हणजे ठिपक्याठिपक्यांची चमक), पुढे ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह'. नणंदेनं लगेच गुगल करून ल्युपसपर्यंत, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं त्या गंभीर आजारापर्यंत, मजल मारली. त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी ती ओळ वाचून बाजूला ठेवली. म्हणाले, एवढी एएनए शंभरातल्या दहा-पंधरा धडधाकट माणसांतही सापडते. तरी उन्हात पुरळ येतं का, तोंडात फोड येतात का, केस फार गळतात का, सगळं विचारलं आणि लघवी तपासून घेतली. काही निघालं नाही. त्यांचं बोट थांबलं ते खालच्या, साध्या अक्षरातल्या अँटी-सीसीपीवर. मर्यादा २० आणि माझा आकडा तिच्या कितीतरी पट! आमवात असलेल्या शंभरातल्या वीस-तीस जणांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो, हे मला तिथे कळलं. ठळक छापायचं काय, हे लॅबवाले कशावरून ठरवतात देव जाणे.

कावीळ बी आणि सी, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन तपासून मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. वार कागदावर लिहून दिला. गुण यायला काही आठवडे गेले.

पुढच्या वेळी मी विचारलं, एएनए परत करायची का?

"कशाला? तुमचं औषध त्या आकड्यावर ठरत नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि लिव्हरच्या तपासण्या तेवढ्या चुकवू नका."