रात्री अकराला पण तापलेली भिंत

परवा रात्री अकरा वाजून गेले होते आणि आई बेडरूमच्या भिंतीला तळहात लावून उभी. "काऊन रे, हे तर अजून तापूनच आहे!" मी पण हात लावून पाहिला, तर खरंच, इस्त्री बंद केल्यावर थोड्या वेळानं लागते ना, तशी ऊब. आणि हे घर आम्ही तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून, मोबाइलवर फोटो बघून बघून, मोठ्या हौसेनं बांधलेलं.

आजोबांचं घर नागपूरच्या महाल भागात होतं. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, समोर सपरी म्हणजे ओसरी. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरा, माकडं नाचून गेली की पुन्हा फेरा, त्यात कधी विंचू निघायचा. पण मे महिन्यात जेवून मधल्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर आडवं झालं की झोप लागायची, पंखा नावापुरता. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जायची आणि ती दीड हात भिंत आतपर्यंत तापता तापता दिवस मावळायचा, मग काय, आपण सपरीत खाटा टाकायला मोकळे. सेवाग्रामची गांधीजींची बापू कुटी पण 1930 च्या दशकातली, माती बांबू कवेलूचीच. मागच्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन गेलो तेव्हा आत जाऊन बसलो आणि पहिला विचार काय आला, तर ईएमआयचा.

नागपूरचं ऊन कसं येतं हे मला घर बांधून झाल्यावर समजलं, हा आमचा शहाणपणा. 26 मेच्या आसपास, म्हणजे ऐन नवतप्यात (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस), दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे त्या दिवसांत सगळ्यात जास्त मार खातं ते छत, आणि आमचा पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आमच्याच अंगावर ओततो. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन तिरपं घुसतं, त्याला सज्जा काही करू शकत नाही, तिथे झाडच पाहिजे. झाड होतं हो! प्लॉटवर पश्चिमेला चांगला कडुनिंब होता. रस्ता त्याच बाजूला, त्यामुळे ठेकेदार म्हणाला, एलिव्हेशन, म्हणजे समोरची बाजू, झाकून जाईल सर, काच लावू, एकदम हॉटेलसारखं दिसेल. मी मान डोलावली. आता त्या काचेला दुपारी चादर लावून ठेवतो, हॉटेल गेलं उडत.

कूलरची गंमत तर वेगळीच. मे मध्ये आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून ओल्या ताट्यांतून आलेला वारा एवढा गार लागतो (2013 च्या मे मध्ये पारा 47.9 ला गेला होता तेव्हा कूलरनंच तारलं होतं). पण कूलरची हवा आत आली की तिला बाहेर जायला वाट पाहिजे, समोरासमोर खिडकी पाहिजे. आमच्या हॉलची दुसरी बाजू शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटलेली, एक इंच सोडायची तयारी नव्हती ना माझी! त्यामुळे तासाभरात सगळं सादळतं, उशी दमट, पेपर मऊ, आणि आपण भपाऱ्यात बसल्यासारखे. एसी आहे वरती, पण तो आमची गरमी शेजाऱ्यांच्या खिडकीत टाकतो आणि त्यांचा आमच्या.

शेवटी मागच्या रविवारी गच्चीवर चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारले, जे अर्धं नागपूर दर उन्हाळ्यात करतं आणि मी हसायचो. थर्मामीटर काही लावला नाही, आईचा हात हेच मीटर. "थोडं उतरलं," म्हणे.

पश्चिमेच्या भिंतीपुढे गट्टू, म्हणजे जमिनीवरचे पेव्हर ब्लॉक, काढून एक खड्डा पण केला. गट्टू बसवायला दिले होते त्यापेक्षा काढायला मिस्त्रीनं जास्त मागितले, आणि काऊन काढून रायले म्हणून तीनदा विचारलं ते वेगळं. कडुनिंबाचं रोप आत्ता माझ्या गुडघ्याएवढं आहे. आई तांदूळ धुतलेलं पाणी नेऊन टाकते आणि येताना भिंतीला हात लावून येते.