तुम्ही विचारलंत म्हणून: दोरीवरचे डागाळलेले अभ्रे

कोलोरॅडोत आमच्याकडे ऑक्टोबरात कुणी मराठी माणूस राहायला आला, की पहिला चहा संपायच्या आत मागच्या अंगणातल्या दोरीकडे बघून विचारतोच, "हे उशांचे अभ्रे एवढे कसले डागाळलेत?" आत्या तर घाबरलीच होती. तिला वाटलं, कुणाचा तरी घोळणा फुटला.

तर ते डाग एल्कच्या रक्ताचे. एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतलं, पण बरंच थोराड हरीण. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत करता येते. आम्ही दोघंही जातो. बंदूक नवऱ्याची, शिवणयंत्र माझं. अभ्रे मांस आणायला.

"प्लास्टिकची पिशवी काय वाईट?" हा पुढचा प्रश्न. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं. कचऱ्याची काळी जाड पिशवी, त्यात मागची अख्खी मांडी, वर गाठ. गाडीपर्यंत चार तासांची चाल, आणि दुपारी ऊन चांगलंच तापलेलं. घरी गाठ सोडली तर आतून वाफ आली. वरचं मांस ठीक दिसत होतं, पण खुब्याच्या सांध्याशी सुरी घातली आणि आंबूस, कुजका वास आला. एवढ्या मोठ्या जनावराची ऊब हाडाजवळ तासन्‌तास धरून राहते, आणि आम्ही तिला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. ती मांडी टाकून द्यावी लागली. खाण्याजोगं मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे. ते खाण्याजोगं उरलंच नाही, ही लाज वेगळी.

श्रीखंडासाठी दही आपण पंच्यात बांधून टांगतो, झाकणाच्या डब्यात कोंबत नाही. मांसाचंही तेच. कातडं लगेच उतरवायचं, कापडात घालायचं आणि सावलीत, वाऱ्याला टांगायचं. पृष्ठभाग सुकून त्यावर पातळ पापुद्रा धरला की मांस टिकतं. कापडाचं दुसरं काम माशा अडवायचं. स्वस्तातल्या जाळीदार पिशव्या मिळतात, त्या भरल्यावर ताणतात, भोकं रुंदावतात, आणि माशी बाहेर बसून आत अंडी घालते. सुती अभ्र्याची वीण घट्ट असते. हवा जाते, माशी जात नाही.

म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातून डॉलर-दोन डॉलरला मिळतील ते अभ्रे उचलते. हाडं काढलेल्या मांसाला २० बाय ३० इंची साधा अभ्रा पुरतो, मात्र अर्ध्याच्या वर भरायचा नाही. मोठा गोळा झाला की मधे पुन्हा ऊब. मांडी हाडासकट आणायची तर अंगभर उशीचा लांबलचक अभ्रा हवा. शिवण उलटवून दुहेरी घालते, तोंडाशी नेफा करून नाडी ओवते, आणि टांगायला पट्टीचा फास, तोही शिवणीतच धरलेला. नुसत्या कापडाला फास लावला होता तेव्हा पंधरा किलोंचा गठ्ठा धप्पकन चिखलात गेला. वर भगवी फीत बांधते. झाडीतून पांढरं काही हलताना दुसऱ्या शिकाऱ्याला हरणाचा भास व्हायला नको.

हौसेने एकदा सोलापुरी चादरही फाडली. पाणी पिऊन तीच मांसाएवढी जड झाली आणि दोन दिवस वाळेना. मांजरपाट उत्तम, पण इथे वारावर घ्यायचा तर अभ्र्यापेक्षा महाग पडतो. दुकानात नायलॉनच्या पिशव्यांचे तयार संच मिळतात. हलके असतात, छान असतात. दोन-तीन दिवस पाठीवर ओझं वाहायचं असेल तर घ्याच. आमच्यासारख्या एका दिवसात परतणाऱ्यांना अभ्रा बास.

धुण्याचं मात्र ऐका. आधी गार पाणी. गरम घातलंत तर रक्त कापडात शिजून बसतं. मग बिनवासाचा साबण, मग उकळतं पाणी, मग ऊन. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य चुकूनही नको. एका वर्षी आमच्या खिम्याला लॅव्हेंडरचा वास होता. मुलांनी पानाला हात लावला नाही. डाग पूर्ण जात नाहीत, जायची गरजही नाही.

एवढं सांगूनही आत्याच्या उशीला त्यातलाच एक चढला. घडी घालताना माझीच गफलत. सकाळी ती तो अभ्रा चिमटीत धरून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अगं, मी याच्यावर डोकं ठेवून झोपले!" आता प्रत्येकावर जाड मार्करने 'मांस' लिहिलंय. तुम्ही याल तेव्हा झोपण्याआधी उशी उलटून बघा.